कॅन्सरच्या दुखण्यात औषधाच्या जोडीला आपण काय करू शकतो

(महासंघाच्या वार्षिक सभेत दुपारच्या सत्रात, घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करणाऱ्या एका नर्सताईंनी केलेले हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांसाठी येथे देत आहोत. बोलण्यातले शब्द शक्य तिथे तसेच ठेवले आहेत. – संपादक मंडळ)



जेवण झाल्यावर मला बोलायला उभं केलंय, त्यामुळे कुणाचा डोळा लागला तर राग नाही. पण विषय असा आहे की बहुतेक घरांत तो येऊन गेलाय, किंवा शेजारच्या घरात आहे. आपण त्याचं नाव घेत नाही. ‘तो आजार’ म्हणतो. मी नाव घेऊनच बोलणार आहे. कॅन्सर.

कॅन्सर कसा होतो, तपासणी कधी करायची, हे आज सांगत नाही. त्यावर आशाताई तुमच्याशी बोलतात. एवढंच सांगते, की गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून बाया दवाखान्यात उशिरा येतात. आज मला बोलायचंय ते दुखायला लागल्यावरचं. बाई घरी आहे, उपचार चालू आहेत किंवा आता उपचार थांबलेत, आणि रात्रंदिवस ठणका आहे. अशा वेळी घरातल्या माणसाला वाटतं, आपल्या हातात काही नाही. आहे. बरंच आहे.

पण आधी एक गाठ मारून ठेवा. मी जे सांगणार ते औषधाच्या जोडीला, औषधाच्या ऐवजी नाही. कॅन्सरचं दुखणं गोळ्यांनी बरंच आटोक्यात येतं, आणि गोळ्या दुखल्यावर नाही, घड्याळ बघून वेळेवर घ्यायच्या असतात. दुखणं डोक्यावर चढलं की मग ते उतरवायला जास्त त्रास होतो. कुणी म्हणालं, ‘शेक घे, गोळ्या बंद कर’, तर त्या माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता पहिलं काम. विचारायचं. आपल्या बायकांना सोसायची सवय. ‘कसं आहे?’ विचारलं की ‘बरं आहे’ म्हणतात. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? म्हाताऱ्या मावशीला ते शून्य आणि दहा कळत नाही, ती गप्प बसते, आणि डॉक्टरला वाटतं फार दुखत नाही. मी विचारते, मावशी, रुपयात किती आणे दुखतंय? लगेच उत्तर येतं. ‘काल चार आणे होतं, आज बारा आणे हाय.’ सोळा आणे म्हणजे सहन होण्याच्या पलीकडे. हे माप तिच्या रोजच्या बोलण्यातलं आहे.

मग ते लिहून ठेवायचं. गटाचं रजिस्टर तुम्ही जसं लिहिता तसं. शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, कुठं दुखतं, किती आणे, कशानं वाढलं, कशानं उतरलं, गोळी किती वाजता दिली. आणि दुखणं कसं आहे ते तिच्याच शब्दात लिहा. ठणका आहे, आग होते, चमक निघते, मुंग्या येतात, की आतून कळ येते? हे शब्द फार कामाचे आहेत. आग, चमक, मुंग्या असं असेल तर ते नसेचं दुखणं असू शकतं, आणि त्याची गोळी वेगळी असते. डॉक्टरला तुमच्या वहीतून ते कळतं. पाच मिनिटांच्या तपासणीत ते कळायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हात लावून, शेकून, गाणी लावून कॅन्सरचं दुखणं कसं कमी होईल? ठेच लागली की तुम्ही काय करता? अंगठा घट्ट धरता, चोळता. गोळी न घेता थोडं बरं वाटतं की नाही? दुखऱ्या जागेचा निरोप नसेतून पाठीच्या कण्यात जातो आणि तिथून मेंदूत. वाटेत एक दार असल्यासारखं आहे. स्पर्शाचा, उबेचा निरोपही त्याच दारातून जातो, मग दुखण्याच्या निरोपाला जागा कमी मिळते. आणि मेंदू भीतीत असेल, एकटा असेल, झोप नसेल, तर तेच दार सताड उघडं राहतं. म्हणून रात्री दुखणं वाढतं. घरातले सगळे झोपलेले, आणि ती आढ्याकडे बघत पडलेली.

लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होत्या. आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी मरणाच्या दारातल्या रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे सेवाघर सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं, की या रुग्णाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं. मनाचं असतं, घरादाराचं आणि पैशाचं असतं, देवाला विचारलेल्या प्रश्नांचं असतं. सगळं एकात एक गुंतलेलं. आपल्या मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, भारतातलं अशा प्रकारचं पहिलं.

तर आता हातानं करायच्या गोष्टी. सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी म्हणजे कसं झोपवायचं. एकाच कुशीवर पडून राहिलं की निरोगी माणसाचंही अंग दुखतं. जिला स्वतः हलता येत नाही तिची कूस दर दोन तासांनी बदला. गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीमागे उशी, टाचा अधांतरी राहतील असं पिंढरीखाली काहीतरी. उशा विकत आणायला जाऊ नका. जुन्या लुगड्याची जाड घडी, गोधडीची गुंडाळी, चालतं सगळं. चादरीला सुरकुती नको, कारण त्या सुरकुतीवरच कातडं सोलतं आणि जखम होते. मग कॅन्सरचं दुखणं राहतं बाजूला आणि पाठीच्या जखमेचं दुखणं सुरू होतं.

उचलताना बखोटीला धरून ओढू नका. जुनी सुती साडी चार पदरी करून तिच्या कमरेखाली कायमची पसरून ठेवा. दोघींनी दोन्ही बाजूंनी साडी धरून सरकवायचं. अंघोळ, जखमेची पट्टी, कूस बदलणं, हे सगळं दुखण्याच्या गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासानं करा. गोळीची वेळ आणि अंघोळीची वेळ जुळवली एवढ्यानं कितीतरी घरातला सकाळचा आरडाओरडा थांबलेला मी पाहिलाय.

शेक. आपल्याकडे शेक म्हटलं की विटेचा, तव्यावरच्या फडक्याचा, मिठाच्या पुरचुंडीचा. आखडलेल्या पाठीला, मानेला, पोटातल्या पेटक्याला ऊब चांगली. पण ऊब म्हणजे ऊब, चटका नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळा, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि काढा. पिशवी पोटावर ठेवून झोपू देऊ नका. कुठे शेक द्यायचा नाही ते नीट ऐका. वीज दिलेल्या जागेवर, म्हणजे रेडिएशनच्या कातडीवर, नाही. गाठीवर नाही. उघड्या जखमेवर नाही. जिथं बधिर झालंय तिथं नाही, कारण भाजलं तरी तिला कळणार नाही. सुजलेल्या हातावर नाही. आणि काही रुग्णांना दुखण्याच्या औषधाची पट्टी कातडीला चिकटवलेली असते, तिच्यावर तर अजिबात नाही. उबेनं त्यातलं औषध एकदम अंगात जातं आणि ते धोक्याचं आहे.

थंड फडकं सूज आणि आग कमी करायला उपयोगी. बर्फ थेट लावायचा नाही, कापडात गुंडाळून दहा मिनिटं. रेडिएशनच्या जागेवर बर्फही नको, बामही नको. केमोच्या काही औषधांनंतर थंड पाण्याला हात लागला तरी बोटांना मुंग्या आणि कळा येतात. अशा बाईला माठाचं पाणीसुद्धा सोसत नाही, तिला कोमटच द्या. जिला शेकानं बरं वाटतं तिला शेक, जिला थंडानं तिला थंड. तिला विचारा. माझ्या पाठीला काय चालतं त्यावरून तुमच्या पाठीचं ठरवू नये.

चोळणं. इथं आपल्या बायकांचा हात जड पडतो. बाळंतिणीला रगडायची सवय ना! कॅन्सरच्या रुग्णाला रगडायचं नाही. थोडं खोबरेल तेल घ्या आणि हाताचा पंजा, पावलं, कपाळ, एवढंच हळूहळू कुरवाळल्यासारखं. दहा मिनिटं पुरे. गाठीवर, हाडात दुखतंय तिथं, ऑपरेशनच्या जागेवर दाबायचं नाही. कॅन्सर हाडात गेला असेल तर हाड ठिसूळ होतं. एक पाय अचानक सुजला, गरम लागतो, दुखतो, तर त्याला चोळायचं नाहीच, डॉक्टरला दाखवायचं. त्यात रक्ताची गुठळी असू शकते. आणि हात लावण्याआधी ‘लावू का?’ विचारा. दवाखान्यात महिनोन्‌महिने तिच्या अंगाला कुणीही न विचारता हात लावलेला असतो.

स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजतो, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गावात या हाताचे फार हाल होतात. काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, त्यामुळे हातातलं पाणी परत फिरत नाही. हात जड होतो, ताणतो, दुखतो. मग घरातलं कुणीतरी गरम तेलानं जोर लावून चोळतं, आणि सूज वाढते. तसं नको. बसताना-झोपताना हात उशीवर थोडा उंच ठेवा. मूठ उघडा-मिटा, खांदा गोल फिरवा, दवाखान्यात शिकवलेले व्यायाम रोज करा. रानात काम करताना त्या हाताला काटा, कोयता लागू देऊ नका, लांब बाहीचं काहीतरी घाला. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू नये, सुई टोचू नये, हे नर्सला आपणच सांगायचं. हात लाल झाला, तापला, अंगात ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि बांगड्या. रुतणाऱ्या बांगड्या काढायच्या. मला माहीत आहे हे बोलायला सोपं आहे. सवाशिणीनं हात मोकळा ठेवायचा म्हटलं की सासू बघते, शेजारीण बघते, ती स्वतःच घाबरते. एका गावात गटाच्या पाचजणींनी जाऊन सासूशी बोलणं केलं. दुसऱ्या हातात भरून बांगड्या, या हातात एक सैल काकण, असं ठरलं. डॉक्टरनं सांगून जे झालं नव्हतं ते झालं. यात माझं काही नाही, त्या पाचजणींचं आहे.

तोंडाच्या कॅन्सरला आणि केमोनंतर तोंड सोलतं तेव्हा, एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खायचा सोडा. दिवसातून चार-सहा वेळा खळखळून टाकून द्या, गिळायचं नाही. पाणी रोज नवं करा. तिखट, आंबट, गरमागरम बंद. पेज, मऊ खिमट, दुधात कुस्करलेलं केळ चालतं. गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरला विचारा. मिश्री आणि तंबाखू तर बंदच, घरातल्या बाकीच्यांचीसुद्धा. तिच्यासमोर मिश्री लावत बसणारी नणंद मला पाहवत नाही.

श्वासाचं आत्ताच करून बघू. पाठ टेकवा, डोळे मिटा. नाकानं हळू श्वास घ्या. आता चुलीवर फुंकर घालता ना, त्याहून हळू, ओठांतून सोडा. घेतला त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. दहा वेळा. (सभागृहात सर्वांनी करून पाहिले.) बघा, शेवटच्या रांगेतली कुजबुजसुद्धा थांबली. दुखण्यात माणूस अंग आखडून धरतो, दात आवळतो, आणि त्या आखडण्यानं आणखी दुखतं. श्वास सैल झाला की अंग सैल होतं. तुम्ही शेजारी बसून तिच्याबरोबर करा, एकटीला जमत नाही.

मन दुसरीकडे नेणं हेही खरं औषध आहे. भजन, मोबाईलवरचं कीर्तन, नातवाची बडबड, निवडायला दिलेले चार मुठी शेंगदाणे. जुन्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येतात. त्यांना ‘आम्हाला शिकवा’ म्हणा. शिकवताना ती रुग्ण नसते, आपली मावशी असते. पण टीव्ही मोठ्यानं लावून तिला समोर बसवणं म्हणजे मन रमवणं नव्हे.

हे सगळं करून सोळा आणे दुखणं शून्यावर येत नाही. खोटं सांगणार नाही. दोन आणे, चार आणे उतरतं. पण गोळीनं आठ आणे उतरलं आणि यानं आणखी दोन उतरलं, तर बाईला रात्री झोप लागते. झोप लागली की सकाळी पेज जाते.

काही वेळा मात्र घरात काही करत बसायचं नाही, गाडी काढायची. पाठीत एकदम नवं, जोराचं दुखणं आणि पायातलं बळ गेलं किंवा लघवी-संडास कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी. पाठीच्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, आणि उशीर झाला तर पाय कायमचे जातात. केमो चालू असताना ताप आला, तर रात्रीसुद्धा. पडल्यावर हाड मोडल्यासारखं दुखलं तर, आणि झोपेतून उठवूनही उठत नसेल तर.

आता गटाचं काम. केरळात कोझिकोडला १९९३ साली काही डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी दुखणं कमी करण्याचा दवाखाना सुरू केला. थोड्याच वर्षांत त्यांना कळलं, की डॉक्टर महिन्यातून एकदा घरी जाणार, बाकीचे दिवस शेजारीच असतात. मग शेजाऱ्यांनाच शिकवलं. गावातले साधे लोक आठवड्यातले काही तास देऊ लागले. २००८ साली केरळ सरकारनं त्याचं धोरण केलं. तिथं हे शेजाऱ्यांनी उभं केलं. आपल्याकडे तर गट आधीच बांधलेले आहेत, दर आठवड्याला-महिन्याला आपण बसतोच.

हिशोब करा. गटात बारा बाया. आठवड्यातून एकीनं दोनच तास त्या घरी द्यायचे. चोवीस तास झाले. म्हणजे सेवा करणाऱ्या सुनेला किंवा लेकीला आठवड्यात पूर्ण एक दिवस मोकळा मिळाला. ती झोपेल, केस धुईल, बँकेत जाऊन येईल. सेवा करणारी दमली की हात कडक होतो, आवाज चढतो, आणि ते सगळं दुखणाऱ्या बाईला लागतं. बैठकीच्या रजिस्टरमध्येच पाळ्या लिहा, म्हणजे ‘मला वाटलं ती जाणार होती’ असं होत नाही.

गेल्यावर काय बोलायचं? ‘काही होत नाही, धीर धर’ म्हणू नका. तिला माहीत आहे काय होतंय. बसा, ती बोलली तर ऐका, रडली तर रडू द्या. शेजारच्या गावात अमकी याच आजारानं गेली, ही बातमी घेऊन जाऊ नका. आणि तिच्या घरचं पाणी प्या. हा आजार स्पर्शानं, ताटानं, पेल्यानं लागत नाही. तिचं ताट वेगळं ठेवलं ना, त्याचं दुखणं कुठल्या गोळीनं जात नाही.

कर्जाचं सांगते. एक ताई मला म्हणाल्या, पोटात दुखतंय ते वेगळं, पण गटाचा हप्ता थकला म्हणून रात्री छातीत धडधडतं. गटानं ठराव करून हप्ते पुढे ढकलले आणि दोघी जाऊन तिला तसं सांगून आल्या. सांगून येणं महत्त्वाचं, नुसता ठराव रजिस्टरमध्ये राहिला तर तिची धडधड कशी थांबणार? उपचाराच्या खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती घ्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. जमलं तर एकजण बरोबर जा, एकट्या बाईला खिडकी-खिडकी फिरवतात.

माझं बोलणं झालं. आता तुम्ही विचारा.

(भाषणानंतर बरेच प्रश्न आले. त्यातले तीन देत आहोत.)

प्रश्न : मॉर्फिनची गोळी सुरू केली की माणूस नशेत जातो, आणि मरण जवळ आलं असं म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही. दुखण्यासाठी, डॉक्टरनं ठरवलेल्या मापात घेतली तर तिचं व्यसन लागण्याचा धोका फार कमी. आणि ती मरण जवळ आलं म्हणून देत नाहीत, दुखणं जास्त आहे म्हणून देतात. पहिले काही दिवस गुंगी, मळमळ होते, मग कमी होते. संडासला मात्र कडक होते, ते आपोआप जात नाही. म्हणून तिच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध डॉक्टर देतात ते चुकवू नका. गोळी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा. आणि मनानं एकदम बंद करू नका.

प्रश्न : आमच्याकडे दुखऱ्या जागी डाग देतात. पाला वाटूनही बांधतात. त्यानं काही फरक पडतो का?

उत्तर : डागल्यानं नवी जखम होते, तिच्यात पू होतो, केमो चालू असेल तर जीवावर बेततं. पाला उघड्या गाठीवर बांधला की तेच. देवाला नवस करा, अंगारा कपाळाला लावा, तिच्या मनाला बळ मिळत असेल तर मी कोण नको म्हणणार? पण कातडीला काही लावायचं किंवा पोटात द्यायचं, तर आधी दवाखान्यात विचारा.

प्रश्न : माझी सासू आता बोलत नाही, पडूनच असते. तिला दुखतंय का हे कसं ओळखायचं?

उत्तर : चेहऱ्याकडे बघा. कपाळाला आठ्या, दात आवळलेले, कण्हणं, हात सारखा एकाच जागी जाणं, चादर ओढत राहणं, हात लावला की अंग चोरणं. बोलत नाही म्हणजे दुखत नाही असं धरू नका, गोळ्याही बंद करू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टर दुसऱ्या मार्गानं औषध देतात. तिच्याशी बोलत राहा, ऐकू येत असेल असंच समजून. आणि कूस बदलताना चेहरा वाकडा झाला तर तेही वहीत लिहा, वेळेसकट.